जॅक द रिपर : लेचमेअर, बरी की अजून कोण? शनिवारच्या आत सांगा

हळदीचं_पेव (सांगली)

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आमच्या वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कट्टा भरतो, पंधरा-वीस डोकी असतात, त्यातली निम्मी रिटायर्ड, आणि या वेळची पाळी माझी. विषय विचारला तेव्हा मी तंद्रीत "जॅक द रिपर" बोलून बसलो आणि आता मागं फिरता येत नाही, फळ्यावर लिहून झालंय. माहीत नसेल त्यांच्यासाठी, १८८८ ला लंडनच्या व्हाइटचॅपल भागात निकोल्स, चॅपमन, स्ट्राइड, एडोज (या दोघी एकाच रात्री) आणि मेरी केली अशा पाच बायकांना मारणारा, कधीच न सापडलेला खुनी.

ठरलेली नावं घ्यायची नाहीत असं ठरवलंय. स्कॉटलंड यार्डच्या (लंडन पोलिसांच्या) मॅकनॉटन साहेबाच्या १८९४ च्या टिपणातली तीन नावं सगळ्यांना पाठ आहेत, ड्रुइट, कोस्मिन्स्की, ऑस्ट्रॉग, त्यातला ड्रुइट डॉक्टर असल्याचं तो लिहितो आणि माणूस निघाला बॅरिस्टर नि शाळामास्तर, आणि ऑस्ट्रॉग तर त्या वेळी फ्रान्सच्या तुरुंगात होता असं नंतर सापडलं. व्हिक्टोरिया राणीचा नातू म्हणाल तर दोन खून झाले त्या रात्री तो स्कॉटलंडात. म्हणजे ही बडी मंडळी बाजूलाच ठेवू.

मी चार बारकी नावं काढलीत. चार्ल्स लेचमेअर, गाडीवान, ज्याला ३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे बक्स रोमध्ये मेरी ॲन निकोल्सचं प्रेत पहिल्यांदा दिसलं. विल्यम बरी, लाकडाचा भुसा विकणारा, बायकोच्या खुनात स्कॉटलंडातल्या डंडीला फाशी गेला. जेम्स केली, बायकोला मारून ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या तुरुंगात गेला आणि जानेवारी १८८८ मध्ये घरगुती किल्ली बनवून पळाला. आणि जेकब लेव्ही, खाटीक, मिडलसेक्स स्ट्रीटचा.

आता अडचण माझ्या भाच्याची. त्यानं युट्यूबवर लेचमेअरचे सगळे व्हिडिओ बघितलेत आणि रोज जेवताना "मामा, केस क्लोज" चालू असतं. त्याचं म्हणणं असं की प्रेताजवळ एकटा सापडला, पोलिसाला खोटं बोलला, कोर्टात नाव खोटं सांगितलं, कामावर जायचा रस्ता खुनांच्या जागांवरून जातो, अजून काय पाहिजे. मला ते पटत नाही पण का पटत नाही ते धड सांगता येत नाही, म्हणून इथं आलो. तुम्ही कुणाला किती वजन द्याल आणि कशाच्या जोरावर?

कंदी_पेढा (सातारा)

भाच्याचं ऐका आणि मोकळे व्हा. घरातली शांतता रिपरपेक्षा महत्त्वाची आहे 😄

बाकी बरीबद्दल एवढंच, आडनाव बरी पण बाबा काही बरा नव्हता.

पहाटेची_फेरी (कुपवाड)

दादा मी अभ्यासक वगैरे नाही, दुधाचा टेम्पो आहे माझा, साडेतीनला घर सोडतो. पण लेचमेअरवर मला बोलायचंच आहे कारण त्याच्या जागी मी उभा राहिलोय.

सात-आठ वर्षं झाली, पावसाळा, मिरज रोडला कडेला काहीतरी पडलेलं दिसलं. मला आधी वाटलं कुणाच्या ट्रकवरची ताडपत्री पडली, एक नंबर ताडपत्री, उचलावी म्हणून थांबलो तर माणूस. लेचमेअरच्या साक्षीत सेम हेच आहे बघा, त्यालाही आधी ताडपत्रीच वाटली, ते वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मग मागनं एक पेपरवाला आला, त्याला मी थांबवलं, दोघांनी बघितलं, तो म्हणाला गार आहे, मी म्हणालो पिलेला असेल, हलवायचं धाडस दोघांना नाही. तिकडंही मागनं रॉबर्ट पॉल आला, लेचमेअरनं त्याला थांबवलं, एक म्हणतो मेली, दुसऱ्याला वाटतं श्वास चालतोय, आणि दोघांना कामाला उशीर होतोय. आम्हीपण तेच केलं, पुढच्या चौकात पोलीस होते त्यांना सांगितलं आणि गेलो. दूध थांबत नाही.

आता तुम्ही म्हणाल खुनी असता तर काय केलं असतं. मर्दा, खुनी असता तर अंधारात पावलं वाजली की निघून गेला असता की! समोर मोकळा रस्ता. हा उलट येणाऱ्या माणसाला हाताला धरून म्हणतो ये बघ इथं बाई पडलीय. भाचा म्हणेल हुशार होता म्हणून. हुशारीचं असं आहे की ती दरवेळी खुन्याच्याच खात्यात जमा करायची म्हटलं तर कुणीही फासावर जाईल.

आणि नावाचं. माझं आधार कार्डावरचं आडनाव वेगळं आहे आणि गावात आख्खं घराणं दुसऱ्याच नावानं ओळखतं, आजोबांच्या धंद्यावरनं पडलेलं. डेअरीत माझं खातं गावच्या नावानं. त्या पहाटे पोलिसाला मी गावचंच नाव सांगितलं, तोंडात तेच येतं, आणि नंतर जबाबाच्या वेळी कार्ड काढल्यावर साहेब माझ्याकडं असं बघायला लागले की मीच मारलाय. तो माणूस गाडीनं उडवलेला होता हे नंतर निघालं म्हणून सुटलो, नाहीतर चार हेलपाटे अजून झाले असते. लेचमेअरनं क्रॉस सांगितलं, ते त्याच्या सावत्र बापाचं नाव, बरोबर ना? मग त्यात खोटं काय.

निवृत्त_बेंचक्लार्क (सातारा)

वरच्या दूधवाल्या भाऊंनी फार मोलाचं लिहिलंय. मी एकतीस वर्षं कोर्टात जबाब वाचण्यात घालवली त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

नावाचा मुद्दा पूर्ण करतो. सावत्र बाप थॉमस क्रॉस, तो स्वतः पोलीस होता. १८६१ च्या जनगणनेत हा मुलगा चार्ल्स क्रॉस म्हणूनच नोंदलाय. पिकफोर्ड्सच्या मालवाहतुकीत वीसेक वर्षं काम केल्याचं तो साक्षीत सांगतो, म्हणजे लागला तेव्हा क्रॉस नावानं लागला असणं सहज शक्य आहे. १८७६ साली पिकफोर्डच्या चार्ल्स क्रॉस नावाच्या गाडीवानाच्या गाडीखाली एक लहान मूल सापडून मेलं त्याची चौकशी झाली होती, तो हाच असं बरेच अभ्यासक धरतात. भाच्याच्या बाजूनंही सांगितलं पाहिजे, इतर कितीतरी कागदांवर तो लेचमेअरच आहे, त्यामुळे प्रश्न उठतो हे खरं. पण नाव लपवणारा माणूस आपल्या घराचा खरा पत्ता नि मालकाचं खरं नाव सांगतो का? यानं दोन्ही सांगितलं. डोव्हटन स्ट्रीट २२. पोलीस पाटलालासुद्धा तेवढ्यावर माणूस सापडला असता.

आणि त्या वस्तीत एका नावाचा माणूस शोधूनच काढावा लागेल. ॲनी चॅपमनला लोक सिव्ही म्हणायचे, का तर ती ज्याच्याबरोबर राहिली तो चाळण्या बनवायचा. आपल्याकडं चाळणीवाली म्हणतील तसं. कॅथरीन एडोज बिशप्सगेट ठाण्यातून रात्री एक वाजता सुटली तेव्हा तिनं नाव सांगितलं मेरी ॲन केली. पाऊण तासात ती मायटर स्क्वेअरमध्ये मेलेली सापडली. मेरी केली स्वतःला मारी जानेत म्हणवायची. निकोल्सला सगळे पॉली म्हणत. मग एकट्या लेचमेअरच्याच दुसऱ्या नावाला संशय का चिकटवायचा.

पोलिसाशी खोटं बोलला म्हणतात ते प्रकरण मायझेन शिपायाचं, लेचमेअर नि पॉलनी वाटेत ज्याला खबर दिली तो. मायझेन म्हणतो मला सांगितलं की तिकडं पोलीस बोलावतोय, लेचमेअर म्हणतो मी असं बोललोच नाही. दोघांत एक चुकतोय किंवा खोटं बोलतोय, पण मायझेनलाही कारण होतं, खबर मिळाल्यावर तो लगेच पळाला नाही, दारं वाजवून लोकांना उठवत होता असं पॉलचं म्हणणं छापून आलेलं. ड्युटीवरच्या माणसाचा जबाब त्याची कातडी वाचवणारा असतो हे मी काय नव्यानं सांगायचं.

वेळांचं. ३ वाजून ४५ हा आकडा गस्तीवर प्रेत दिसलेला नील शिपाई सांगतो, पॉल सांगतो, मायझेन सांगतो, आणि तिघं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. कुणाच्या मनगटावर घड्याळ नाही. "लेचमेअरच्या हिशेबात नऊ मिनिटं कमी पडतात" हा व्हिडिओवाल्यांचा लाडका मुद्दा अशा आकड्यांवर उभा आहे. आमच्याकडं एका केसमध्ये चार साक्षीदारांनी एकच एसटी चार वेगळ्या वेळांना गावात आणली होती.

पण मला विचाराल तर लेचमेअरला खरा फटका बसतो तो ८ सप्टेंबरला. चॅपमन हॅनबरी स्ट्रीट २९ च्या मागच्या अंगणात सापडली. रिचर्डसन पावणेपाचच्या सुमारास त्याच पायरीवर बसून बुटाचं चामडं कापत होता, त्याला प्रेत दिसलं नाही. शेजारच्या कडॉशला सव्वापाचनंतर कुंपणापलीकडं आवाज आला, मिसेस लाँगला साडेपाचला बाई एका पुरुषाशी बोलताना दिसली. लेचमेअर चारला कामावर हजर व्हायचा. आता पोलिसांचे डॉ. फिलिप्स म्हणतात मृत्यू त्याआधीच झाला, साडेसहाला तपासलं तेव्हा किमान दोन तास झाले होते, पण थंडी आणि रक्त गेल्यामुळं अंदाज चुकू शकतो हे त्यांनीच जोडलं. म्हणजे लेचमेअरला धरायचं तर तीन साक्षीदार बाजूला सारून डॉक्टरांचा अंदाज घ्यावा लागतो. भाच्याला हा प्रश्न टाकून बघा.

जाता जाता, मॅकनॉटनचं टिपण मी जपूनच घेतो. तो यार्डात आला १८८९ च्या जूनमध्ये, खून होऊन गेल्यावर. त्याआधी बापाच्या बंगालमधल्या जमिनी सांभाळत होता, १८८१ मध्ये तिथल्या रयतेच्या दंग्यात मार खाल्ला आणि त्यातून बंगाल पोलिसातल्या मन्रोशी ओळख झाली, तोच मन्रो पुढं लंडनचा पोलीस कमिशनर. बोटांच्या ठशांची पद्धतही बंगालमध्येच पक्की झाली, १८९७ ला कलकत्त्यात आणि १९०१ ला स्कॉटलंड यार्डात. व्हाइटचॅपलला तेरा वर्षं उशीर झाला, नाहीतर आपण हा धागा चालवत नसतो.

कंदी_पेढा (सातारा)

काका, एसटीचं वाचून चहा नाकातून आला.

मिरज_जंक्शन (मिरज)

मी ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते, एकवीस वर्षं. हातातल्या कसबावरून खुनी ओळखायचा ही जी खोड आहे ना, तिच्याबद्दल थोडं.

डॉक्टरांचंच एकमत नाही हो. फिलिप्सना चॅपमनच्या वेळी शरीराची माहिती असलेला हात वाटला. एडोजच्या वेळी डॉ. ब्राउनना अवयवांच्या जागांचं बरंच ज्ञान वाटलं, सेक्वेरांना फारसं कौशल्य वाटलं नाही. आणि डॉ. बाँडनी १० नोव्हेंबरच्या अहवालात लिहिलं की याला खाटकाएवढीही माहिती नाही, पण बाँडनी मेरी केलीचं प्रेत स्वतः बघितलं होतं आणि बाकीच्यांचे फक्त कागद. चार डॉक्टर, चार मतं, आमच्या राउंडला पण असंच असायचं.

तरी मायटर स्क्वेअरचं मला राहून राहून वाटतं. वॉटकिन्स शिपाई दीडला तिथून गेला तेव्हा काही नव्हतं आणि एक चव्वेचाळीसला त्यालाच प्रेत सापडलं. चौदा मिनिटं, अंधार, आणि त्यात मूत्रपिंड काढलेलं. ते मागच्या बाजूला चरबीत दडलेलं असतं, उजेडात शोधताना नवख्या इंटर्नची फजिती मी बघितलीय. एकतर नशीब किंवा हाताला जनावराची सवय. म्हणून तुमच्या यादीतल्या जेकब लेव्हीला मी वाऱ्यावर सोडणार नाही. खाटीक, राहायला तिथून काही मिनिटांवर, मेंदूपर्यंत गेलेला सिफिलिस, १८९१ ला असायलममध्ये मेला. बायकोनं सांगितलेलं की तासन्‌तास घराबाहेर भटकतो, आणि आपल्याला आवरलं नाही तर हातून कुणाला तरी इजा होईल असं त्याला स्वतःलाच वाटायचं अशी नोंद आहे. पण खरं सांगायचं तर त्यानं कुणावर सुरी चालवल्याचा एक कागद नाही. शिक्षा झाली ती मांस चोरल्याबद्दल. एवढ्यावर आजारी माणसाला रिपर म्हणायचं मला जड जातं.

बरीबद्दल तसं नाही वाटत. तो ऑक्टोबर १८८७ पासून जानेवारी १८८९ पर्यंत लंडनला बो भागात होता, व्हाइटचॅपलपासून दोन-तीन मैल, म्हणजे आपलं गणपती मंदिर ते विश्रामबाग समजा, आणि त्याच्याकडं घोडागाडी. बायको एलन, तिच्या नावावर वारशाचे शेअर्स होते ते यानं दारूत उडवले, लग्नाला आठवडा नाही झाला तोवर सुरी घेऊन तिच्या अंगावर बसला होता. फेब्रुवारी १८८९ ला डंडीत तिला दोरीनं गळा आवळून मारलं, मग पोटावर सुरीनं वार केले आणि पेटीत कोंबून ठेवलं. ते पोटावरचे वार वाचले की मी थांबते. नवरा बायकोला मारतो, दुर्दैवानं हे आपण सगळ्यांनी बघितलंय, पण मेल्यावर पोट कापायला हात जातो तो वेगळा.

त्याच्या घराच्या मागच्या दारावर खडूनं "जॅक रिपर या दाराच्या मागं आहे" असं लिहिलेलं सापडलं. मला त्याला फार किंमत द्यावीशी वाटत नाही, गल्लीतल्या पोरानंही लिहिलं असेल.

हळदीचं_पेव (सांगली)

ताई, काका, फेरीवाले दादा, तिघांनाही दंडवत. भाच्याला हॅनबरी स्ट्रीटचा प्रश्न टाकला, तो म्हणाला कडॉश खोटारडा होता. म्हटलं का, तर "व्हिडिओत आहे".

बरीवर मला एक शंका आहे पण. त्यानं बायकोचा गळा कापला नाही, आवळला, आणि रिपरची सही म्हणजे गळा कापणं. शिवाय तो १० फेब्रुवारीला स्वतः पोलिसांकडं गेला आणि सांगितलं की बायकोनं आत्महत्या केली आणि माझ्यावर रिपर म्हणून आळ येईल या भीतीनं मी तिला पेटीत घातलं. रिपर असा आपल्या पायानं जाईल का? आणि जेम्स केलीबद्दल कुणीच बोललं नाही.

पहाटेची_फेरी (कुपवाड)

स्वतः गेला कारण प्रेत किती दिवस घरात ठेवणार, वास येतो. त्यात हुशारी काढू नका.

मिरज_जंक्शन (मिरज)

गळ्याचं म्हणाल तर चॅपमनच्या वेळी आधी गळा दाबल्याच्या खुणा होत्या असं डॉक्टरांचं मत होतं, तिची जीभ सुजलेली होती, चेहरा सुजलेला. म्हणजे आधी दाबणं आणि मग सुरी हा क्रम जुळतो. पण एलनचे वार तेवढे खोल नव्हते आणि काही काढून नेलं नव्हतं, हे विरुद्ध जातं. मेरी केलीनंतर तीनच महिन्यात हात एवढा थंडावला का? मला उत्तर येत नाही.

निवृत्त_बेंचक्लार्क (सातारा)

आता जेम्स केलीचं ऐका. १८८३ ला बायकोच्या मानेत खिशातला चाकू खुपसला, फाशी ठरली, वेडा म्हणून ब्रॉडमूरला. २३ जानेवारी १८८८ ला पळाला आणि सगळे खून होऊन गेले तरी मोकळाच. मग १९२७ ला, एकोणचाळीस वर्षांनी, म्हातारा होऊन स्वतः ब्रॉडमूरच्या दारात येऊन उभा राहिला की मला आत घ्या. दोन वर्षांनी तिथंच मेला. गोष्ट म्हणून याला तोड नाही, कट्ट्यावर सांगाल तर शिट्ट्या पडतील. पण त्या शरद ऋतूत तो व्हाइटचॅपलमध्ये होता हे दाखवणारा एक चिटोरा नाही. कोर्टात असलं प्रकरण आलं तर साहेब पहिल्या तारखेला विचारतील, आरोपी घटनास्थळी होता का? आणि सरकारी वकील खाली बघतील.

उलट लेचमेअर जागेवर आहे पण हिंसेचा इतिहास शून्य, पोरंबाळं, १९२० पर्यंत जगला, नंतर दुकान काढलं. बरीकडं हिंसा आहे आणि लंडनही आहे पण जागा नाही. लेव्हीकडं जागा आणि सुरी आहे पण हिंसा नाही. चौघांपैकी प्रत्येकाच्या तागडीत काहीतरी कमी.

आयर्विन_पूल (सांगली)

सगळं वाचलं. एक बारकं निरीक्षण, खुनांच्या चारही रात्री बघा, शुक्रवार पहाट, शनिवार पहाट, रविवार पहाट (तेव्हा दोन), परत शुक्रवार पहाट. आठवड्याच्या शेवटाला चिकटून. आठवडाभर काहीतरी नोकरीधंदा असलेला माणूस दिसतो. पळून लपलेल्या केलीला वार काय आणि सुट्टी काय. आणि स्ट्राइडचा खून शनिवार उलटून रात्री एकला, म्हणजे रविवारी झाला, तेव्हा लेचमेअर कामाच्या रस्त्यावर नव्हताच, मग "कामाचा रस्ता" हा मुद्दा तिथं गळतो. त्याची आई त्या बाजूला राहायची म्हणून समर्थक वाचवतात. आईकडं गेला म्हणून खून?

अजून एक, रागावू नका. पॉली निकोल्सकडं त्या रात्री खोलीचे चार पेनी नव्हते म्हणून तिला बाहेर काढलं, आणि ती नवीन टोपी दाखवून म्हणाली की आत्ता मिळवून आणते. व्याख्यान करणार असाल तर पाच जणींची नावं फळ्यावर आधी लिहा आणि मग संशयितांची. मागं एका कट्ट्याला वक्त्यानं खुन्याचा फोटो मोठा करून लावला होता, मृताचं नाव विचारल्यावर कागद चाळायला लागला.

हळदीचं_पेव (सांगली)

तो वक्ता मीच होतो 🙈 पण मान्य.

आजचा हिशेब असा लावतोय. पाच नावं फळ्यावर आधी. मग लेचमेअर साक्षीदार म्हणून घेणार, ताडपत्रीच्या गोष्टीसकट, फेरीवाले दादा तुमची परवानगी गृहीत धरतोय. मग केली, फक्त गोष्ट म्हणून, आणि स्पष्ट सांगणार की पुरावा नाही. लेव्ही दोन मिनिटं. शेवटी बरी, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ, वार खोल का नव्हते या ताईंच्या प्रश्नासकट, उत्तर नसलं तरी.

भाच्यानं अट घातलीय की त्याला दहा मिनिटं लेचमेअरची बाजू मांडायला द्यायची. दिली. काका, तुम्ही साताऱ्याहून येणार असाल तर सकाळची गाडी धरा, त्याला उलटतपासणीला कुणीतरी पाहिजे. भडंग माझ्याकडून.

निवृत्त_बेंचक्लार्क (सातारा)

येतो. कडॉशचा जबाब छापून आणतो, पोराच्या हातात देऊ.

पहाटेची_फेरी (कुपवाड)

शनिवारी किती वाजता? साडेसातनंतर असेल तर मला जमणार नाही, नऊला झोपावं लागतं.